एमजीबीला एक्झॉस्ट हेडर बसवताना: आधी व्हर्नियर, मग पाना

एमजीबी या जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीच्या इंजिनाला बसवलेला हेडर, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या मॅनिफोल्डऐवजी लावायच्या पोलादी नळ्या, गळणार की नाही, हे चार वॉशरांवर ठरतं. नळ्यांचा व्यास, पॉलिशची चकाकी, डब्यावरचे रेसिंगचे फोटो यांपैकी कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. नाण्याएवढे, जाडजूड, साधे पोलादी वॉशर. ते का महत्त्वाचे हे मला पहिल्या हेडरने शिकवलं. तो मी एका शनिवारी हौसेने बसवला आणि पुढच्या शनिवारी निमूट उतरवला.

ही गाडी इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनली. वरचं छत उघडणारी रोडस्टर आणि १९६५ पासून बंद छताची जीटी, दोन्ही मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात, आणि शनिवार-रविवार हात काळे करणाऱ्यांची ती लाडकी आहे. माझी १९७० ची जीटी आहे, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची. पुढचं सगळं त्या गाडीवरच्या अनुभवातून लिहितो आहे. डाव्या स्टिअरिंगवाल्यांसाठी वेगळं काही असेल तिथे सांगेन.

मराठी वाचकाला हे इंजिन वाटतं तितकं परकं नाही. एमजीबीचं १७९८ सीसीचं बी-सीरीज इंजिन आणि आपल्या ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन एकाच घराण्यातले. हेडवरच्या, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या वरच्या ठोकळ्यावरच्या, भोकांची मांडणीही तीच. सांगलीच्या काकांना फोनवर फोटो पाठवला तेव्हा ते म्हणाले, "अरे, हे तर आपल्या गाडीचंच! फक्त कार्ब्युरेटर दोन दिसतायत."

आधी विचार: हेडर खरंच हवा आहे का?

या हेडमध्ये चार सिलिंडरांना एक्झॉस्टची चार भोकं नाहीत, तीनच आहेत. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला आपापलं स्वतंत्र भोक, आणि मधल्या दोघांत एक सामाईक. इनटेकची (हवा-पेट्रोल आत येण्याची) भोकंही दोनच: एक आणि दोनचं मिळून एक, तीन आणि चारचं मिळून एक. ही पाचही भोकं इंजिनाच्या डाव्या अंगाला एका ओळीत आहेत. म्हणजे कार्ब्युरेटर वर, एक्झॉस्ट खाली, आणि एकमेकांची धग एकमेकांना.

फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम १-३-४-२. आता बोटं मोजून पाहा. दोन आणि तीन एकमेकांपासून क्रँकच्या बरोबर एका पूर्ण फेऱ्याने, म्हणजे ३६० अंशांनी लांब आहेत. एक आणि चारही तसेच. म्हणून मधल्या दोघांनी एक भोक वाटून घेतलं तरी ते एकमेकांच्या धुरात धूर सोडत नाहीत. कारखान्याचं बिडाचं मॅनिफोल्डही हेच गणित पाळतं: मधली जोडी एका वाटेने, कडेची जोडी दुसऱ्या वाटेने, आणि खाली दोन डाउनपाइप. ओबडधोबड दिसतं, पण विचार करून ओतलेलं आहे.

त्यामुळे स्पष्ट सांगतो. बाकी इंजिन साधंच असेल, तर नुसता हेडर लावून ९५ अश्वशक्तीची गाडी वेगळी गाडी होत नाही. कॅमशाफ्ट बदलला असेल, हेडची भोकं घासून मोकळी केली असतील, तर हेडर आपला वाटा उचलतो. एरवी आवाज बदलतो, काही किलो वजन कमी होतं, वरच्या आरपीएमला गाडी जरा मोकळी वाटते. माझं कारण यांपैकी एकही नव्हतं. माझं बिडाचं मॅनिफोल्ड तडकलं होतं, आणि दुसरं चांगलं बीड मिळेना. तुमचं बीड धड असेल आणि केवळ ताकदीसाठी हा खर्च करणार असाल, तर तेवढ्याच पैशांत कार्ब्युरेटरांची दुरुस्ती आणि इग्निशनची नीट जुळणी करून घ्या. फरक जास्त जाणवेल.

कोणता घ्यावा

या इंजिनासाठी तीन नळ्यांचा जो हेडर मिळतो त्याला इंग्लंडमध्ये लाँग सेंटर ब्रँच म्हणतात. मधली नळी लांबवर एकटी जाते, कडेच्या दोन आधी आपसात जुळतात आणि मग खाली तिघींची एक होते. घेताना मी आता फक्त फ्लँज, म्हणजे नळीच्या तोंडाचा हेडवर टेकणारा सपाट भाग, बघतो. तिन्ही भोकांना मिळून एकच लांब पट्टी आहे, की प्रत्येकाला सुटा फ्लँज? सुटे असतील तर उत्तम. पोलाद तापलं की वाढतं. फूटभर पट्टी ३०० अंशांनी तापली तर साधं पोलाद मिलिमीटरहून किंचित जास्त वाढतं, स्टेनलेस जवळपास दीड मिलिमीटर. सुट्या फ्लँजांना ही वाढ नळ्यांच्या लवचिकतेत पचवता येते. एकसंध पट्टी दरवेळी स्टडांवर (हेडमध्ये रोवलेल्या बिनडोक्याच्या बोल्टांवर) रेटा देते. पट्टीचाच घ्यावा लागला तर कडेची भोकं जराशी लांबट आहेत का ते बघा. नसतील तर गोल कानशीने करून घ्या.

साधं पोलाद की स्टेनलेस? इंग्लंडच्या ओल्या हवेत आणि हिवाळ्यात रस्त्यावर पसरलेल्या मिठात साधा हेडर रंग उडताच गंजायला लागतो. स्टेनलेस टिकतो, पण महाग. साध्यावर सिरॅमिकचा लेप करून घेणं हा मधला मार्ग, आणि त्याने बॉनेटखालची धगही कमी होते. नळ्यांना गुंडाळायची ती काचतंतूची पट्टी मात्र मी साध्या पोलादावर कधीच वापरणार नाही. ती ओलावा धरून ठेवते आणि आतल्या आत नळी कुजवते. वरून सगळं छान दिसत असतं.

टेबलावरचा अर्धा तास

हेडर इंजिनाजवळ नेण्याआधीचं हे काम आहे. माझा पहिला हेडर मी डब्यातून काढून थेट इंजिनावर नेला होता, ती चूक तुम्ही करू नका.

हेडच्या त्या पाच भोकांच्या ओळीत सहा स्टड आहेत. दोन टोकांचे फक्त एक्झॉस्ट धरतात. मधले चार मात्र इनटेक आणि एक्झॉस्ट यांच्या सांध्यावर आहेत. तिथे एकच जाड वॉशर अर्धा इनटेकच्या फ्लँजवर आणि अर्धा एक्झॉस्टच्या फ्लँजवर बसतो, आणि एकच नट दोघांना दाबतो. तेच हे चार वॉशर.

आता समजा, इनटेकचा फ्लँज हेडरच्या फ्लँजपेक्षा एक मिलिमीटर जाड आहे. वॉशर तिरका बसतो. सगळा दाब जाड बाजूवर जातो, पातळ बाजू सैल राहते. नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, टॉर्क रेंच (ठरलेला जोर लागला की सांगणारा पाना) समाधानाने 'टक' करते, आणि हेडर पहिल्या दिवसापासून फुसफुसतो. तुम्ही आणखी आवळता. मग स्टड तरी तुटतो नाहीतर त्याचे आटे तरी मरतात. माझ्या बाबतीत फरक मिलिमीटरहूनही जास्त होता. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "बाकी सगळ्यांना बसलाय."

म्हणून व्हर्नियर, म्हणजे जाडी अचूक मोजायचं साधन, घ्या. इनटेक मॅनिफोल्ड उतरल्यावर त्याच्या फ्लँजची जाडी चारही ठिकाणी मोजा, हेडरचीही तिथेच मोजा, आणि कागदावर लिहा. पाव मिलिमीटरपर्यंतचा फरक गॅस्केट (मधलं पॅकिंग) आणि वॉशर सांभाळून घेतात. त्याहून जास्त असेल तर दोन उपाय आहेत. एक, जाड बाजूचा फ्लँज मशीन शॉपमध्ये नेऊन बरोबरीला आणायचा. दुसरा, जाड वॉशर आणून त्यांच्या अर्ध्या भागात फरकाएवढी पायरी कानशीने किंवा ग्राइंडरवर काढायची. मी दुसरा केला. चार वॉशर, व्हाइसमध्ये धरून, प्रत्येकी वीस मिनिटं. पायरीची बाजू कोणती हे लक्षात राहावं म्हणून प्रत्येकावर पंचने एक टिंब मारलं.

त्याच बैठकीत हेडर उलटा ठेवून फ्लँजांवर पोलादी पट्टी आडवी धरा आणि खालून उजेड बघा. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज वाकतात, नव्या मालातही. पाव मिलिमीटरची फीलर गेजची पात पट्टीखाली सहज सरकत असेल, तर तो फ्लँज सपाट करून घ्यावा लागेल. सपाट काचेवर घासकागद चिकटवून हातानेही होतं, पण वेळ लागतो. आणि नवं गॅस्केट हेडरवर ठेवून बघा. नळीचं तोंड गॅस्केटच्या भोकात डोकावत असेल तर तिथे कानस चालवा.

हाताशी काय हवं

या गाडीचे नट-बोल्ट इंची मापाचे. मॅनिफोल्डचे नट अर्ध्या इंचाच्या पान्याचे. मिलिमीटरचा तेराचा पाना जवळपास बसतो, आणि नेमका म्हणूनच तो नटाचे कोपरे गोल करतो. अर्ध्या इंचाचा रिंग पाना, लांब आणि आखूड सॉकेट, लवचीक जॉइंट, टॉर्क रेंच, गंज सोडवणारं तेल, तांब्याचं ग्रीस, मॅनिफोल्डचं आणि कार्ब्युरेटरांची गॅस्केटं, नवे स्टड आणि पितळी नट. गाडी उचलायला जॅक, आणि टेकवायला भक्कम स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. आग विझवणारा सिलिंडर हाताच्या अंतरावर ठेवा, कारण पेट्रोलच्या नळ्या सोडणार आहात.

उतरवणं

तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी सगळ्या नटांवर तेल मारा. मॅनिफोल्डचे सहा, आणि खाली डाउनपाइपचे सहा. हे खालचे सहा जास्त हट्टी असतात.

कामाच्या दिवशी इंजिन पूर्ण थंड. बॅटरीची अर्थची केबल आधी सोडा. १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे, त्यानंतर निगेटिव्ह. तुमची कोणती ते बघूनच पाना लावा. माझ्या गाडीत सीटच्या मागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत, आणि तिथवर हात घालणं हा स्वतंत्र योगाभ्यास आहे.

एअर फिल्टर काढा. पेट्रोलची नळी सोडा, टोक बुचाने बंद करा, गळालेलं पेट्रोल लगेच पुसा. चोक आणि ॲक्सिलरेटरच्या केबल, व्हॅक्यूमची नळी, ब्रीदरची नळी, ब्रेकला सर्व्हो असेल तर त्याची नळी. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा. 'लक्षात राहील' असं वाटतं, पण राहत नाही. दोन्ही कार्ब्युरेटर सुटे करू नका, मधल्या दांड्यांसकट जोडीनेच बाहेर काढा. म्हणजे त्यांची आपसातली जुळणी बिघडत नाही. त्यांच्यामागे उष्णतेचा पत्रा आणि जाड ठोकळे असतात. कोणत्या गॅस्केटनंतर काय येतं तो क्रम टिपून ठेवा. हीटरची परतीची नळी त्याच बाजूने जाते. ती हलवावी लागली तर थोडं कूलंट सांडेल, खाली ताट ठेवा.

मग गाडी स्टँडवर घेऊन डाउनपाइपचे नट. लांब एक्स्टेंशन आणि लवचीक जॉइंट लावून, सावकाश. नट किंचित हलला की पुढे रेटू नका. पाव फेरा मोकळा, अर्धा पाव परत घट्ट, पुन्हा तेल. असं मागेपुढे करत आटे साफ होत जातात. इथला एखादा स्टड तुटला तरी रडू नका, तो जुन्या मॅनिफोल्डचा आहे. त्यानंतर गिअरबॉक्सजवळची पकड आणि मागचे रबरी हँगर सोडा.

शेवटी वरचे सहा. इथे मात्र घाई नको, कारण हे स्टड हेडमध्ये आहेत. नट हलत नसेल तर उष्णता द्या, पण इंजिनाजवळून पेट्रोलचा अंश पूर्ण गेल्याची खात्री झाल्यावरच. मी तर कार्ब्युरेटर शेडबाहेर नेऊन ठेवतो, मग ब्लो टॉर्च पेटवतो. नट तापला की मेणबत्तीचं मेण आट्यांजवळ टेकवा. ते वितळून आत ओढलं जातं. काकांच्या मिस्त्रींची ही युक्ती.

स्टड

सहाही स्टड बदला. जुना स्टड दिसायला बरा असला तरी पन्नास वर्षं तापून-थंड होऊन ताणलेला असतो. एका स्टडवर दोन नट चढवून एकमेकांवर घट्ट आवळा, मग आतला नट उलटा फिरवा. स्टड बाहेर येतो.

माझा पुढून दुसरा आला नाही, तुटला. हेडच्या पातळीवर, साफ. अशा वेळी पाना खाली ठेवून चहा प्यावा, हे मी मनापासून सांगतो. मग तुटलेल्या तोंडावर कानशीने सपाट जागा करा, बरोबर मध्यावर पंच मारा, आणि आधी बारीक ड्रिलने, हळूहळू मोठ्याने भोक पाडत जा. ड्रिल सरळ आहे का हे दुसऱ्या माणसाने बाजूने बघत राहावं. तुटका स्टड काढायचे जे उलट्या आट्यांचे एक्स्ट्रॅक्टर मिळतात, ते ठिसूळ असतात. एखादा आत मोडला की त्यावर ड्रिलही चालत नाही. माझ्या अनुभवात पातळ होईपर्यंत ड्रिल करून उरलेली साल टोकदार सळईने आत दुमडून काढणं जास्त सुरक्षित. नंतर टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ करा. स्टडचा हेडमध्ये जाणारा भाग जाड आट्यांचा असतो आणि नटाचा बारीक आट्यांचा. टॅप मागवताना गोंधळ करू नका.

उघडलंच आहे तर

मॅनिफोल्ड निघाल्यावर इंजिनाच्या डाव्या अंगाला खाली पत्र्याची दोन झाकणं दिसतील. ती टॅपेट चेंबरची, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणाऱ्या टॅपेटांच्या कप्प्याची. तिथून तेल झिरपणं हा या इंजिनाचा जुना रोग आहे, आणि मॅनिफोल्ड जागेवर असताना तिथे हात धड जात नाही. ही संधी पुन्हा लवकर येणार नाही. दोन्हींचं पॅकिंग आत्ताच बदला. मधला बोल्ट हलक्या हाताने लावा. जोर दिला की पत्रा वाकतो आणि नवं पॅकिंगही गळतं. गळक्या झाकणाच्या शेजारी लालबुंद हेडर, ही जोडी कुणालाच नको असते.

हेडची बाजू पितळी ब्रशने आणि बोथट पातीने साफ करा. एक्झॉस्टच्या भोकांत चिंध्या कोंबून ठेवा, म्हणजे खरवड आत पडणार नाही. आणि नंतर त्या चिंध्या काढायला विसरू नका. मोजून ठेवा, मोजून काढा.

बसवणं

आधी कोरडी तालीम. गॅस्केट नाही, नट नाहीत, नुसता हेडर जागेवर नेऊन बघायचा. काही वरून तिरपे करून उतरतात, काही खालून वर चढवावे लागतात. माझा वरून गेला, पण दोनदा फिरवून. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत डावी बाजू मोकळी असते. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत स्टिअरिंगचा दांडा नेमका याच बाजूने खाली जातो, तिथे जागा अपुरी पडते आणि कधी दांडा सैल करावा लागतो. हेडर जागेवर धरून चासीपासून, बॉडीच्या तळापासून, स्टिअरिंगपासून किती अंतर राहतं ते बघा. इंजिन रबरांवर डुलतं. उभ्या गाडीत पाच मिलिमीटरची फट पुरेशी वाटली, तरी क्लच सोडताच नळी पत्र्याला ठोकते. निदान बोटाच्या जाडीएवढी जागा हवी.

तालीम जमली की नवे स्टड हाताने बसवा, गॅस्केट कोरडं चढवा. त्याला सिलंट वगैरे फासू नका. त्यावर हेडर, मग इनटेक मॅनिफोल्ड. आता ते चार वॉशर, टिंब मारलेली बाजू बरोबर धरून. स्टडच्या आट्यांना तांब्याचं ग्रीस बोटभर, आणि सहाही नट फक्त बोटांनी.

इथे थांबा. वॉशर सपाट बसलेत का, टॉर्च आडवी मारून प्रत्येकाखाली बघा. एका बाजूला उजेडाची रेघ दिसली तर नट काढून वॉशर पुन्हा घासा. माझा तिसरा वॉशर दोनदा परत व्हाइसवर गेला.

आता लगेच आवळायचं नाही. हेडरचं खालचं तोंड मागच्या पाइपला जोडा, हँगर लावा, गिअरबॉक्सजवळची पकड लावा, सगळं सैलच. ही पकड जुन्या पाइपला होती, तिची जागा कदाचित किंचित सरकेल, पण ती वगळू नका. ती नसेल तर मागच्या अख्ख्या पाइपचं वजन आणि हादरे हेडरच्या वेल्डिंगवर येतात, आणि काही महिन्यांनी तिथे बारीक चीर जाते. सगळं नैसर्गिकपणे लटकतंय, कुठे ओढ नाही, अशी खात्री झाली की वरचे नट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत. शेवटचा टॉर्क १५ फूट-पाउंड, म्हणजे साधारण २० न्यूटन-मीटर. हा फार थोडा आहे. मनगटाला वाटेल की अजून हवं. मनगटाचं ऐकू नका. त्यानंतर पुढून मागे एकेक जोड आवळत जा. खोचलेल्या जोडांना एक्झॉस्ट पेस्ट चालते.

कार्ब्युरेटर चढवताना उष्णतेचा पत्रा आणि ठोकळे परत लागलेच पाहिजेत. पातळ नळ्यांचा हेडर बिडापेक्षा जास्त धग वर फेकतो, आणि पत्रा नसेल तर ट्रॅफिकमध्ये पेट्रोल कार्ब्युरेटरातच उकळायला लागतं. गाडी सिग्नलला बंद पडते आणि दहा मिनिटं चालू होत नाही.

पहिली धग

गाडी उघड्यावर आणा. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही. बंद गॅरेजात हे काम करायचं नाही. चालू करण्याआधी एक सोपी चाचणी: व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू सायलेन्सरच्या मागच्या टोकाला कापडाने गुंडाळून लावा, आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी शिंपडा. गळती असेल तिथे फुगे येतात. उदबत्ती फिरवून धूर कुठे हलतो ते बघण्याचा सल्लाही मला मिळाला होता. वर पेट्रोलने भरलेले दोन कार्ब्युरेटर असताना उदबत्ती देवघरातच बरी.

मग इंजिन पाच मिनिटं आयडलवर, आणि बंद. पूर्ण गार होऊ द्या. मग दहा मिनिटं, पुन्हा गार. नव्या हेडरवरचं तेल आणि रंग जळून पांढरा धूर निघेल, वास येईल. शेजारी डोकावतील. हे ठीक आहे. धूर वाढतच गेला, किंवा काळा झाला, तर बंद करून कारण शोधा. दुसऱ्यांदा पूर्ण गार झाल्यावर सहाही नट पुन्हा १५ वर तपासा. जवळजवळ नेहमीच पाव फेरा मिळतो, कारण नवं गॅस्केट दबतं. शंभरेक मैल चालल्यावर परत एकदा. हे तपासणं नेहमी गार इंजिनावर.

'टिक-टिक' आवाज येत असेल तर तो टॅपेटचा की गळतीचा? गळतीचा आवाज थंड इंजिनात मोठा असतो आणि तापल्यावर धातू वाढून जोड दबले की कमी होतो. आयडल मात्र वर-खाली होत असेल, तर संशय इनटेकच्या बाजूवर घ्या: तिथून हवा आत जाते आहे. पुन्हा तेच चार वॉशर.

मिश्रण

गाडी आता जरा मोकळा श्वास घेते, म्हणून पेट्रोल-हवेचं प्रमाण तपासा. या गाडीला असलेल्या एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरच्या बाजूला पिस्टन उचलायची छोटी पिन असते. इंजिन तापलेलं, आयडलवर, आणि पिनने पिस्टन फक्त पाऊण मिलिमीटर उचला. आरपीएम वाढून वाढलेलंच राहिलं तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. इंजिन गुदमरलं तर कमी आहे. क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झालं तर बरोबर. माझ्यासारख्या एचएस-४ कार्ब्युरेटरला खाली सहा कडांचा नट असतो. वर फिरवला की पेट्रोल कमी, खाली की जास्त. एका वेळी एकच कड. नंतरच्या एचआयएफ कार्ब्युरेटरला हा स्क्रू बाजूला असतो. मग पंधरा-वीस मैल जोरात चालवून, इंजिन बंद करून प्लग काढा. फिकट तपकिरी हवेत. पांढरे असतील तर पेट्रोल कमी पडतंय, आणि आयडलवर बरोबर असूनही वेगात पांढरे येत असतील तर कार्ब्युरेटरची सुई बदलायचा विचार करावा लागेल. माझ्या गाडीला एक कड खाली एवढंच पुरलं.

कागद आणि जुनं बीड

इंग्लंडमध्ये विमा कंपनीला हा बदल कळवा. हप्ता सहसा फारसा हलत नाही, पण न कळवल्यास अपघाताच्या वेळी हरकत निघू शकते. भारतात जुनी गाडी असेल आणि विंटेज नोंदणीचा विचार असेल, तर जरा जास्त जपून. २०२१ मध्ये केंद्राने आणलेल्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ही वेगळी नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात असायला हवी. शिवाय गाडीत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेतच. आरटीओत आधी विचारलेलं बरं.

म्हणून जुनं मॅनिफोल्ड भंगारात देऊ नका, तडकलेलं असलं तरी. बिडाचं वेल्डिंग करणारे कारागीर असतात, आणि असा माणूस मला सापडलाही आहे, फक्त त्याच्याकडे रांग मोठी आहे. माझं बीड तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून जिन्याखाली ठेवलं आहे. मूळचे चार वॉशर त्यालाच तारेने बांधले आहेत, कारण बीड परत बसवायची वेळ आली तर पायरीवाले चालणार नाहीत.